ब्रेक नसलेली सायकल

शीर्षक वाचून वाचकांना नवल वाटेल. ज्या वाहनाला ब्रेक नाही ते वाहन कोणता शहाणा माणूस आपल्या मुलीच्या हाती देईल, असा प्रश्न कोणीही विचारील. गेल्या वर्षी मीही तो विचारला होता. त्याचे उत्तर मिळण्यास मला तीन महिने लागले आणि ते कोणत्याही पुस्तकातून न मिळता माझ्या थोरल्या बंधूंच्या घरामागील लाकडी खोपटात मिळाले. ती हकिगत येथे सांगावी असे मनात आले.

लेस्टर शहराच्या दक्षिण भागात सॅफ्रन लेन नावाचा रस्ता आहे. या रस्त्यालगत एके काळी सायकलशर्यतींसाठी खास बांधलेला ट्रॅक होता. अशा ट्रॅकला व्हेलोड्रोम म्हणतात. त्याचा आकार लंबवर्तुळासारखा असतो आणि वळणांवर त्याची बाहेरची कड भिंतीसारखी वर उचललेली असते. सॅफ्रन लेनचा ट्रॅक उघड्या आकाशाखाली होता. त्याची लांबी एका किलोमीटरचा बरोबर तिसरा हिस्सा होती, म्हणजे तीन फेऱ्या मारल्या की एक किलोमीटर पुरा होई. याच ट्रॅकवर १९७० साली आणि पुन्हा १९८२ साली जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. १९७० साली इंग्लंडच्या ह्यू पोर्टरने येथे व्यावसायिकांची पाठलागाची शर्यत जिंकली. १९८२ साली जपानच्या कोइची नाकानोने व्यावसायिक स्प्रिंटचे ओळीने सहावे अजिंक्यपद मिळविले. ही मालिका त्याने पुढे १९८६ पर्यंत अखंड चालविली आणि दहा अजिंक्यपदे पुरी केली. त्याच १९८२ साली अमेरिकेची रिबेका ट्विग ही अवघी एकोणीस वर्षांची मुलगी स्त्रियांच्या पाठलागाच्या शर्यतीत पहिली आली.

दादा लग्नानंतर १९७९ साली लेस्टरला आला आणि विणकामाची यंत्रे करणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. लहानपणी अलिबागेस तो शाळा सुटल्यावर एका सायकलवाल्याकडे जाऊन बसत असे. तासाच्या भाड्याने सायकली देणारे ते दुकान होते. तेथेच तो पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, छर्रे धुऊन ग्रीस भरणे ही सारी कामे शिकला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये सॅफ्रन लेनच्या शर्यती पाहून आल्यावर त्याने घरी पत्र लिहिले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पत्र बाबांनी मोठ्याने वाचले. त्यात लिहिले होते की, येथे सायकलींना ब्रेक नसतात, गिअर नसतात, पाय थांबविण्याची सोयही नसते, आणि तरी कोणी कोणावर आपटत नाही. आईने विचारले, “मग थांबतात कसे?” याचे उत्तर पत्रात नव्हते.

अध्यापनाचे शिक्षण घेऊन आणि काही वर्षे मुंबईत शिकवून मी १९९६ साली लेस्टरला आले, तोवर त्या ट्रॅकचे वैभव ओसरले होते. १९९४ साली मँचेस्टर येथे छपराखालचा २५० मीटरचा ट्रॅक सुरू झाला आणि मोठ्या शर्यती तिकडे गेल्या. उघड्यावरच्या लाकडी ट्रॅकवर पावसाची चार शिंतोडी पडली तरी शर्यत थांबवावी लागे. इंग्लंडच्या हवेत हा नेहमीचाच प्रसंग. अखेर २००९ साली सॅफ्रन लेनचा ट्रॅक पाडण्यात आला. माझी लेक त्याच वर्षी जन्मली. त्यामुळे ज्या ट्रॅकच्या गोष्टी ती मामाच्या तोंडून ऐकत वाढली तो तिने कधी पाहिला नाही. तिने पाहिला तो डर्बीचा. हे शहर लेस्टरपासून मोटारीने तासाभराच्या आत येते. तेथे २०१५ साली छपराखालचा २५० मीटरचा लाकडी ट्रॅक सुरू झाला. शाळेच्या सहलीबरोबर ती तेथे गेली आणि घरी येऊन म्हणाली, “आई, मला हे करायचे आहे.”

तेथे शिकणाऱ्यांना भाड्याने सायकल मिळते, तेव्हा स्वतःची सायकल बांधण्याचे कारण काय, असे मी विचारले. याला कारणीभूत दादाच. ट्रॅकच्या पडत्या काळात कोणा म्हाताऱ्या सायकलपटूने विकावयास काढलेला ट्रॅक-सायकलचा जुना सांगाडा दादाने घेऊन ठेवला होता. तो पोलादी नळ्यांचा असून त्यावर रेनॉल्ड्स ५३१ अशी पट्टी होती. बर्मिंगहॅमच्या या नळ्या १९३५ पासून उत्तम सायकलींसाठी वापरल्या जात. खोपटाच्या आढ्याला तो सांगाडा पंचवीस वर्षे टांगलेला होता. आता दादाची सत्तरी जवळ आली आहे आणि त्याच्या दोन्ही हातांना कंप सुटला आहे. पाना धरला की पाना हलतो. एके दिवशी त्याने भाचीला सांगितले, “पोरी, डोळे माझे, हात तुझे. बांधायची का?”

वाचकांच्या माहितीसाठी या सायकलीची रचना थोडक्यात सांगते. आपल्या रोजच्या सायकलीच्या मागील चाकात फ्री-व्हील असते. त्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरत राहते. ट्रॅकच्या सायकलीत मागचे दातेरी चक्र हबला घट्ट आवळलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरते आणि पायडल फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. वेग कमी करावयाचा तर पायांनी मागे जोर देऊन चाकाला विरोध करावयाचा. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. ट्रॅकवर सर्वांचा प्रवाह एकाच दिशेने, जवळजवळ सारख्या वेगाने चालतो. त्यात एकाने एकदम ब्रेक दाबला तर मागचे सारे त्याच्यावर आदळतील. म्हणून ब्रेक लावण्यास नियमानेच बंदी आहे. ब्रेक नसणे हीच तेथील सुरक्षितता होय.

सांगाडाही वेगळा असतो. पायडलांचा दांडा जमिनीपासून अधिक उंच बसविलेला असतो, कारण वळणावरच्या चढत्या फळ्यांना पायडल घासले तर स्वार पडेल. मागील चाक ज्या खाचेत बसते ती खाच मागच्या बाजूला उघडी असते. चाक मागे ओढून चेन ताणावयाची आणि नट आवळावयाचे. चेन फार ताणली तर छर्रे जाम होतात, सैल राहिली तर ती उतरते, आणि ब्रेक नसलेल्या सायकलीची चेन उतरणे म्हणजे काय हे सांगावयास नको. चेनच्या मध्यावर बोटाने दाबले असता अर्धा इंच हालचाल व्हावी, असे दादाचे माप.

गिअर एकच, म्हणून तो विचारपूर्वक ठरवावा लागतो. पुढील चक्राला ४८ दात आणि मागील चक्राला १५, असे आम्ही ठरविले. पायडलच्या एका फेऱ्यात चाक ३.२ वेळा फिरते. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ६.७ मीटर पुढे जाते. डर्बीच्या एका फेरीसाठी पायडलचे सदतीस फेरे होतात. मिनिटास शंभर फेरे मारले तर ताशी चाळीस किलोमीटरचा वेग येतो. हे गणित लेकीने स्वयंपाकघरातील फळ्यावर स्वतः मांडले. शाळेत गुणोत्तराच्या धड्याचा ती कंटाळा करी, हे शिक्षिका या नात्याने मला येथे कबूल केले पाहिजे.

सुटे भाग एकेक करून जमू लागले. मागील चाक मात्र महाग होते. म्हणून लेकीने साठविलेल्या पैशातून एका अनोळखी विक्रेत्याकडून जुने चाक मागविले. “ट्रॅकचे चाक, शर्यतीस तयार” असे त्याने लिहिले होते. चाक गुरुवारी आले. रविवारी डर्बीला तिचा दुसरा धडा होता आणि स्वतःच्या सायकलीवर जाण्याचा तिने हट्ट धरला होता. चाक खरोखर सुरेख दिसत होते. दातेरी चक्र बसविलेले, त्यावर आवळलेली कडीही चकचकीत. दादाने ते हातात घेतले, चष्मा कपाळावर सारून हब डोळ्यांजवळ नेला आणि खाली ठेवून दिला. म्हणाला, “याच्यावर बसायचे नाही.”

लेकीचा चेहरा पडला. “मामा, तुम्ही नीट पाहिलेही नाही. सगळे घट्ट आहे.”

दादा वादात पडला नाही. त्याने ते चाक सांगाड्याला लावावयास सांगितले, चेन चढविली आणि तिला म्हणाला, “पायडल हाताने मागे दाबून धर. सोडू नकोस.” मग त्याने खांद्याने सायकल जोरात पुढे रेटली. चाक पुढे गेले, पायडल जागेवर राहिले, कट्‌ असा आवाज झाला आणि दातेरी चक्र व कडी दोन्ही एकदमच ढिली झाली.

आता त्याचे कारण. खऱ्या ट्रॅक-हबला दोन पायऱ्या असतात. आतल्या पायरीवर सुलटा आटा असतो, त्यावर दातेरी चक्र बसते. बाहेरच्या लहान पायरीवर उलटा आटा असतो, त्यावर कडी बसते. स्वार पायांनी मागे जोर देतो तेव्हा चक्र सुटू पाहते. ते सुटावयास लागले की कडीवर दाब येतो, पण कडीचा आटा उलटा असल्याने त्याच फिरण्याने ती अधिकच आवळली जाते. म्हणजे एक सुटू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. आमच्याकडे आलेले हब साध्या सायकलीचे होते. त्यास एकच पायरी, एकच सुलटा आटा. कोणीतरी त्यावर चक्र बसवून वर दुसऱ्या जागेची सुलट्या आट्याची कडी आवळून दिली होती. पुढे जाताना काही कळले नसते. थांबावयास जावे आणि त्याच क्षणी दोन्ही सुटावीत, अशी ती रचना होती. त्या विक्रेत्याला हे ठाऊक होते की नाही, देव जाणे.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. रविवारी ती भाड्याच्या सायकलीवरच शिकली.

पुढचा महिना चाकात गेला. दोन पायऱ्यांचे खरे हब आणले, जुन्या चाकाच्या छत्तीस तारा सोडविल्या आणि नव्या तारा एकेक करून ओवल्या. प्रत्येक बाजूस अठरा. साध्या सायकलीत अनेक गिअरच्या चक्रांसाठी जागा करावी लागते, म्हणून मागील चाकाच्या एका बाजूच्या तारा अधिक ताणलेल्या असतात. ट्रॅकच्या चाकात दोन्ही बाजू सारख्या, आणि म्हणून चाक बळकट. ताण सारखा आहे की नाही हे दादाने कानाने शिकविले. तार बोटाने छेडावयाची आणि शेजारचीचा सूर तिच्याशी जुळतो का ऐकावयाचे. दादाचे हात थरथरत, पण कान चुकत नसे. डोळे मिटून स्टुलावर बसल्या बसल्या तो सांगे, “तिसरी ढिली आहे. पाव फेरा दे.” लेक पाव फेरा देई. आटा, पाना, छर्रे, चिमटा, आउट हे शब्द तिच्या तोंडी बसले. घरी मराठीत उत्तर द्यावयास कंटाळणारी मुलगी खोपटात मराठीतच विचारू लागली, कारण मामाला ती कामे दुसऱ्या भाषेत सांगता येत नसत.

एका शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमारास काम अर्ध्यावर टाकून घरी चलण्यास मी सांगितले तेव्हा दादा हसून म्हणाला, “आपल्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबत असे. हिची सायकल मात्र थांबूच देत नाही.” कोकणात आपणांस शनवार तेली का म्हणत, हे लेकीने त्या दिवशी प्रथमच नीट ऐकून घेतले.

अखेर तो रविवार आला. डर्बीच्या प्रशिक्षकांनी सायकल तपासली, चक्राची कडी पाहिली, नट पाहिले आणि मान डोलाविली. दादा आणि मी वर बाकावर बसलो. वळणावरच्या फळ्या चाळीस अंशांहून अधिक उभ्या आहेत. त्यांवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वेग राखला तरच चाक घट्ट राहते. भिऊन वेग कमी केला की घसरण्याचा धोका. वळणात शिरताना लेकीने पाय आवरले नाहीत हे मी पाहिले. भाड्याच्या सायकलीवर ती दर वेळी किंचित आवरत असे. त्याविषयी मागाहून विचारले तेव्हा म्हणाली, “हिचा प्रत्येक नट मी आवळला आहे. कुठे काय धरून आहे ते मला माहीत होते.”

बारा फेऱ्या, म्हणजे तीन किलोमीटर. १९८२ साली ट्विगने सॅफ्रन लेनवर हेच अंतर नऊ फेऱ्यांत कापले होते. आमच्या लेकीची वेळ येथे लिहिण्याजोगी नाही. शेवटच्या फेरीनंतर ती खालच्या सपाट पट्टीवर उतरली, पायांनी हळूहळू वेग मारत आली आणि कठडा धरून थांबली. दादाने हात खिशातून बाहेर काढले नाहीत. पण ती सायकल घेऊन वर आली तेव्हा तो उठला, त्याने वाकून मागच्या चाकाची एक तार छेडली आणि ऐकत राहिला.

आपल्या समाजात सुतार, मिस्त्री, फिटर, गवंडी यांची परंपरा मोठी आहे. त्यांतील पुष्कळ मंडळी आज निवृत्त होऊन घरोघरी स्वस्थ बसून आहेत. हात थकले म्हणून आपण त्यांना काम सांगत नाही, आणि काम सांगत नाही म्हणून त्यांची विद्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. विकत आणलेले चाक आम्हांस सुरेख वाटले होते. त्यातला उलटा आटा नाहीसा आहे हे ओळखणारा डोळा घरातच होता. तो डोळा वेळेवर वापरला गेला.