सरासरीच्या भरवशावर पिग्मी लावू नका



पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला आपण गेलाच असाल. समजा, घरच्या झेंडू-शेवंतीचे हार करून आपण तेथे दुकान मांडले. महिन्यातले २४ दिवस खर्च वजा जाता रोज २०० रुपये सुटले. रविवार-सुट्टीच्या ५ दिवशी ६०० सुटले. संकष्टीच्या एका दिवशी मात्र ७,२०० रुपये हाती आले. एकूण झाले १५,०००. सरासरी काढली, तर रोजचे ५००.

"मग ३०० रुपयांची पिग्मी सहज झेपेल," असे आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. ५०० रुपये तर एकाही दिवशी सुटले नव्हते! संकष्टी येईपर्यंत पिग्मीसाठी उसनवारीच करावी लागेल.

असे का होते? विक्री शून्याखाली जात नाही. वर मात्र तिला मर्यादा नाही. अंगारकी आली की संकष्टीचा आकडाही मागे पडतो. शिवाय सुट्टी, चतुर्थी आणि पावसाची उघडीप एकाच दिवशी जुळली, तर गर्दीची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून असे आकडे मांडले, तर ढीग एका बाजूला आणि लांब शेपटी दुसऱ्या बाजूला दिसते. गणितात अशा कलत्या आकड्यांसाठी 'लॉगनॉर्मल' आणि 'गॅमा' ही वितरणे वापरतात.

हे आपल्याला परके नाही. कोरडवाहू भागातला पाऊसही असाच कलता. एका मुसळधार आठवड्याने सरासरी फुगते आणि पेरणी मात्र वाळते. म्हणून हवामानशास्त्रज्ञ पावसाला गॅमा वितरण लावून पाहतात आणि चारपैकी तीन वर्षे निदान किती पाऊस मिळेल, ते काढतात.

आपल्याला एवढे गणित नको. एक वही पुरे. रोज सुटलेली रक्कम लिहा. महिनाअखेर आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा आणि मधला आकडा पाहा. आपल्या उदाहरणात तो २०० येतो. रोजचा घरखर्च आणि पिग्मी त्यातच बसवा. संकष्टीचे पैसे वेगळे ठेवा. बियाणे, खत, मुलांची फी त्यातून भागवा. चार-सहा महिने वही भरली की निम्म्याहून जास्त दिवसांचा खरा हिशेब समोर येईल.

कर्जाचा हप्ता ठरवतानाही हीच वही पुढे ठेवा. हप्ता मंदीच्या दिवसांतही चुकत नाही.