पेटीतला राजा आणि ट्रंकेतले लुगडे

धान घरात आले, मळणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकाचे वारे सुटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि पेटी-तबल्यावाचून ती होत नाहीत. याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आता सामाजिक नाटकांची चलती आहे, तरी एखादे मंडळ हौसेने जुन्या काळातले संगीत नाटक हाती घेते. पदे बसतात, संवाद पाठ होतात आणि मग कोणीतरी विचारतो, ‘पोशाखाचे काय?’

बहुतेक वेळा एकच उत्तर असते. शहरातल्या ड्रेपरीवाल्याकडून पेटी भाड्याने आणायची. पेटीत मखमली कोट निघतो, त्याला सोनेरी लेस. तोच कोट काल दशरथाच्या अंगावर होता, आज रघुजी भोसल्यांच्या अंगावर आहे, उद्या एखाद्या दरोडेखोराच्या सरदाराला चढेल. भाडे मात्र दर खेपेला नवे.

पोशाखापायी पैसा ओतण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेथून मराठी संगीत नाटक उभे राहिले. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांना नकली काही चालत नसे. खऱ्या जरीचे शालू आणि पैठण्या नेसून ते रंगमंचावर येत, आणि त्यांचे लुगडे कसे, पदर कसा, हे पाहून घरंदाज बाया तसे नेसू लागल्या. पुरुषाने बायकांना नेसणे शिकवावे, ही गंमतच म्हणायची! पण असल्या थाटानेच कंपनी कर्जात बुडत गेली, हेही तितकेच खरे. गावच्या मंडळाने गंधर्वांची नजर घ्यावी, त्यांचा हात घेऊ नये.

नजर म्हणजे काय? नाटक कोणत्या सालातले आहे, हे आधी ठरविणे. समजा, नाटक नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले आहे. ते राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती १८७७ साली, आणि रसायनातून पहिला कृत्रिम रंग निघाला १८५६ साली. म्हणजे आपल्या नाटकातल्या माणसांच्या अंगावर प्रामुख्याने हातमागाचे कापड हवे. रंग नीळ, हळद, आलीच्या मुळांचा तांबडा आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी, एवढ्यातलेच. झगझगीत गुलाबी आणि पोपटी नायलॉन तेथे शोभणार नाही. अंगरख्याला बटणे नकोत, बंद हवेत. चोळी खणाची, पुढे गाठ मारलेली. इतके पाळले तरी पडदा वर जाताच प्रेक्षक त्या काळात जाऊन बसतो.

हे सारे जवळपास मिळते. अंगरख्यासाठी मांजरपाट पुरतो. नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत कापडाला तोटा नाही, आणि गावातला शिंपी नमुना पाहून शिवून देतो. कोरे पांढरे कापड दिव्यांखाली डोळ्यांत खुपते. ते चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावे, जुनेपणा आपोआप येतो. उमरेडची धोतरे, नागपूरची रेशीमकाठी लुगडी एके काळी नावाजलेली होती. कोष्टी आणि हलबा विणकरांचे माग आता फार थोडे राहिले. पण भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे आणि चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडला कोशाचे कापड अजून विणले जाते. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेले कोशाचे लुगडे राणीच्या अंगावर कोणत्याही चमकीपेक्षा भारदस्त दिसते.

आणि ते विकत घेण्याआधी गावातल्या ट्रंका उघडून पाहा. आजीच्या लग्नातले लुगडे, आजोबांचे उपरणे पुष्कळ घरांत अजून असते. दुर्दैवाने त्याची गोधडी होते, नाहीतर भांडेवालीला जाते. एक करवती लुगडे देऊन घरी आलेले स्टीलचे पातेले मी पाहिले आहे. नऊवार नेसविणाऱ्या हातांचेही तसेच. लुगड्याचा काचा कसा घ्यावा, हे आज गावात चार-दोन म्हाताऱ्याच सांगतील. त्यांना तालमीला बोलवा, खुर्ची द्या. नायिकेने निदान आठ दिवस लुगड्यातच तालीम करावी, नाहीतर ऐन पदात पाय अडकतो. शिवलेले लुगडे पायजम्यासारखे दिसते. दोन प्रवेशांच्या मध्ये झटपट बदल असेल तेवढ्यापुरतेच ते चालवून घ्यावे.

गाणाऱ्याची सोय वेगळी पाहावी लागते. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे गाजले. असले नाटक घेतले तर नटाला तासन्‌तास गायचे असते. अंगरखा छातीत घट्ट असला की तान तुटते. मखमलीत घामाच्या धारा लागतात. पागोटे कानांवर उतरले तर त्याला पेटीचा सूरच ऐकू येत नाही. माइकजवळ बांगड्या-माळा खुळखुळतात, तेव्हा दागिने थोडे आणि दोऱ्याने शिवून पक्के केलेले हवेत. ही परीक्षा पोशाख अंगावर चढवून, एक अख्खे पद म्हणूनच घ्यावी.

घरोघरचे कपडे आणले की मंडळावर जबाबदारी येते. कोणाचे काय आणले ते वहीत लिहावे, काठाला नावाची चिंधी टाक्याने लावावी. जुन्या रेशमाला टाचणी लावू नये, भोक मोठे होत जाते. कोशाचे लुगडे थंड पाण्यात रिठ्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे; सोड्याचे नाव काढू नये. जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, जर काळी पडते. धुतलेले लुगडे सुती फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, ज्या घरचे त्या घरी होळीच्या आत पोचवावे. नाहीतर पुढच्या वर्षी ती ट्रंक उघडणार नाही.