दंड भरला, आता विम्याचे काय?

समजा, तुम्ही तंजावरच्या मेल वीदीत राहता. मुलगा कुंभकोणमच्या लग्नाहून रात्री गाडी घेऊन परतत होता. वाटेत पोलिसांनी थांबवले, नळीत फुंकर मारायला लावली आणि दारू प्यायल्याचे निघाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 15,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय परवाना निलंबित होऊ शकतो.

घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : आता आपल्या गाडीचा विमा महागणार का? परदेशातले नातेवाईक भीती घालतात, कारण अमेरिकेत अशा चालकाचा हप्ता खरोखरच बराच वाढतो. आपल्याकडे तसे नाही.

कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा विमा, याचे दर केंद्र सरकार ठरवते. ते इंजिनाच्या आकारावर असतात, चालकाच्या वर्तनावर नाहीत. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाला 3,416 रुपये आणि 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये, वर कर. दंड झालेल्यालाही तेवढेच आणि कधीही न झालेल्यालाही तेवढेच. चलान झाले म्हणून हा विमा कंपनीला नाकारताही येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनी आपल्या दराने देते. त्यातली दावा न केल्याबद्दलची सूट पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. ती दावा केल्याने जाते, चलानाने नाही. विम्याची मुदत संपून 90 दिवस उलटले तरीही ती जाते, आणि दंडाच्या गडबडीत नूतनीकरण विसरणारे आम्ही पाहिले आहेत. विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड आहे, तो वेगळाच.

नियमभंगाप्रमाणे हप्ता वाढवावा असा विचार आपल्याकडेही झालेला आहे. विमा नियामकाने नेमलेल्या गटाने जानेवारी 2021 मध्ये तसा मसुदा मांडला. त्यात दारू पिऊन चालवण्याला 100 गुण आणि चुकीच्या जागी गाडी लावण्याला 10 गुण असा हिशेब होता.

हप्त्याची काळजी इथवर पुरे. खरी भीती वसुलीची आहे.

पुढच्या वेळी पोलीस आडवे आले नाहीत आणि अपघात झाला असे धरू. समोरचा माणूस 34 वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना 15,000 रुपये मिळवणारा. तो दगावला, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये घालून दिलेल्या रीतीने हिशेब असा होतो : उत्पन्नात पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 21,000. त्यातला चौथा हिस्सा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा केला की 15,750. वर्षाचे 1,89,000. त्या वयासाठीचा गुणक 16, म्हणजे 30,24,000 रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि व्याज याच्यावर.

चालक शुद्धीत असता आणि परवाना चालू असता, तर ही रक्कम विमा कंपनीने भरली असती आणि विषय तिथेच संपला असता. मृत्यूच्या भरपाईला तृतीय पक्ष विम्यात कमाल मर्यादा नाही. पण नशेत गाडी चालवणे किंवा परवाना निलंबित असताना चालवणे हा कलम 150 प्रमाणे विम्याच्या अटीचा भंग ठरू शकतो. अशा वेळी न्यायालये अनेकदा सांगतात की कंपनीने मृताच्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. त्या कुटुंबाच्या दृष्टीने हा न्यायच आहे. पण मालक तुम्ही असाल तर तीस लाख तुमच्या ठेवीतून, घरातून, दागिन्यांतून जाणार. परवान्याच्या बाबतीत 2004 च्या स्वर्णसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला एक आधार दिला : मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती, हे कंपनीने सिद्ध करायला हवे. म्हणून बाहेरचा ड्रायव्हर ठेवताना त्याचा परवाना पाहून त्याची प्रत घरी ठेवावी. पण मुलाचा परवाना निलंबित आहे हे ठाऊक असूनही किल्ली दिलीत, तर हा आधार उरत नाही.

स्वतःच्या गाडीचे पैसेही मिळत नाहीत. 2007 च्या डिसेंबरात दिल्लीत इंडिया गेटजवळ एक महागडी पोर्श आदळून जळाली. चालक दारू प्यायल्याचे कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2021 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. पोर्शवाल्याला ते परवडले असेल. कर्ज काढून अल्टो घेणाऱ्याला गाडीही नाही आणि हप्ते मात्र चालूच, असे होते.

तेव्हा घरात कोणाला असा दंड झाला असेल तर दोन गोष्टी आधी करा. निलंबनाची मुदत लिहून किल्लीच्या जागी लावा आणि तोवर किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. नूतनीकरणाच्या अर्जात आधीच्या दाव्यांविषयी किंवा अपघातांविषयी विचारले असेल तर खरे तेच लिहा. खोटी माहिती पुढे उघड झाली की कंपनीला दावा नाकारायला आयतेच कारण मिळते. घरातल्या अल्पवयीन मुलाच्या हाती दुचाकी देत असाल, तर त्याच्या अपघातात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. आणि तुमच्या बाजूने सगळे नीट असूनही कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर चेन्नईच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तंजावर त्यांच्याच हद्दीत येते, आणि तिथे वकील लागत नाही की शुल्क द्यावे लागत नाही.