सुटे शब्द, जोडलेली घरं

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात मॅककोलो नावाची एक कंपनी होती. सर्व्हर भाड्याने देणं हा तिचा धंदा. तिचे भाडेकरू नेमके कोण आहेत, याचे पुरावे ब्रायन क्रेब्स या वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकाराने तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांपुढे ठेवले. ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी तिची जोडणी तोडली आणि जगभरातलं स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आलं. कुठल्या कुठल्या देशांतून येतात असं वाटणाऱ्या त्या कचरा-ईमेलची सूत्रं मोठ्या प्रमाणात एकाच ठिकाणाहून हलत होती. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला तो त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते. वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी आतून एकमेकींना बांधलेल्या असतात, हे त्या मोसमात जगाला दोनदा कळलं. एकदा चोरांमुळे, एकदा बँकांमुळे.

या दोन घटनांमधला धागा मला गणितात सापडतो, आणि ते गणित भिलाईत, पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या आमच्या गावात, बसून फार छान समजतं. ते कसं, ते सांगतो. आधी स्पॅम गाळणाऱ्या चाळणीकडे जाऊ.

काही वर्षांपूर्वी देशभर एक संदेश फिरत होता: आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. इथे सुपेल्यातही तो आला, सेक्टरांतल्या क्वार्टरांतही आला. अशा मजकुराला यंत्र कसं ओळखतं? त्याला वीज म्हणजे काय हे ठाऊक नाही, फसवणूक म्हणजे काय हेही नाही. ते फक्त मोजतं. समजा, आधीच्या शंभर खोट्या संदेशांत ‘ताबडतोब’ हा शब्द २० वेळा आला आणि शंभर खऱ्या संदेशांत ५ वेळा. म्हणजे हा शब्द दिसला की पारडं चौपट खोट्याकडे झुकलं. ‘कापली’ हा शब्द पाचपट झुकवतो, ‘नंबर’ तिप्पट, असं धरू. चार गुणिले पाच गुणिले तीन, साठ. संदेश खोटा असण्याची बाजू साठास एक, म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक. टाका कचऱ्यात.

संपलं. एवढंच आहे ते. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने ही रीत एका निबंधात मांडली आणि ती घरोघरच्या ईमेलमध्ये शिरली. संशोधकांनी ती १९९८ मध्येच करून पाहिली होती. ग्रॅहमला एक गंमत आढळली. वेबपानांत भडक लाल रंगासाठी जो संकेत लिहावा लागतो, तो स्पॅम ओळखायला अश्लील शब्दांइतकाच उपयोगी पडत होता. कुणा माणसाला बसून नियम लिहायला सांगितले असते तर त्याच्या यादीत लाल रंग आलाच नसता.

या गुणाकाराच्या मुळाशी थॉमस बेझ हा इंग्रज पाद्री आहे. तो १७६१ मध्ये वारला, आणि त्याच्या कागदांत हे प्रमेय पडून होतं. रिचर्ड प्राइस या मित्राने ते बाहेर काढून १७६३ मध्ये रॉयल सोसायटीतर्फे छापून आणलं. हाच प्राइस पुढे आयुर्विम्याचे हिशेब करत होता आणि ब्रिटनवरच्या राष्ट्रीय कर्जाच्या काळजीने पुस्तिका लिहीत होता. स्पॅमची चाळणी आणि कर्जाचा डोंगर हे दोन विषय अडीचशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या टेबलावर होते, याची मला अजून मौज वाटते.

आता त्या गुणाकारातली लबाडी. लबाडी म्हणजे भोळेपणा. तज्ज्ञ मंडळीही या पद्धतीला भोळी म्हणजे ‘नाइव्ह’ बेझ म्हणतात. संभाव्यतांचा सरळ गुणाकार तेव्हाच करता येतो जेव्हा गोष्टी एकमेकींपासून सुट्या असतात. शब्द तर सुटे नसतात. ‘कापली’ आलं की ‘ताबडतोब’ येतंच, आणि तिथे ‘नंबर’ही असतो. एकच भामटा, एकच मजकूर. आपण मात्र तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाल्यासारखे तिघांचे जबाब गुणतो. खरी बाजू साठास एक नसून पंधरास एक असेल.

पण पंधरास एक म्हणजेही ९३ टक्क्यांच्या वर. संदेश जायचा तिथेच गेला. आकडा चुकला, निर्णय चुकला नाही. पेद्रो डोमिंगोस आणि मायकेल पाझानी या दोघांनी १९९७ मध्ये नेमकं हेच गणिताने दाखवलं: प्रश्न जर ‘हो की नाही’ एवढाच असेल, तर गृहीतक साफ खोटं असतानाही ही भोळी पद्धत बरोबर उत्तर देऊ शकते. चाळणीला ९८ आणि ९३ यांतला फरक विचारत कोण बसतं?

तर आता भिलाई.

कुठल्याही सेक्टरातल्या एका रांगेतली पाच घरं घ्या. पाचही घरांवर कर्ज आहे आणि एखादं घर हप्ते थकवण्याची शक्यता दहात एक आहे. पाचही घरं एकदम थकण्याची शक्यता किती? सुटा हिशेब म्हणतो, दहाव्या हिश्शाचा पाचदा गुणाकार, लाखात एक. कुठलाही बँकर निवांत झोपेल. पण ही पाच घरं भिलाईतली आहेत. पाचही घरांतली माणसं एकाच गेटने प्लांटात जातात, पगार एकाच दिवशी होतो, बोनस ठरतो तोही एकाच बैठकीत. आजारपण किंवा मुलीचं लग्न ज्याचं त्याचं असतं. पगार मात्र सगळ्यांचा एक. प्लांटवर संकट आलं तर पाचही घरं एकदम अडकणार. टोकाचं धरलं तर पाचही एकदम थकण्याची शक्यता लाखात एक उरत नाही, ती दहात एक होते. दहा हजार पटींचा फरक, आणि एकाही घराची स्वतःची जोखीम कणभरही बदललेली नाही!

हे नुसतं कल्पनेतलं नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं. तेव्हापासून हे गाव एकाच पोलादाच्या भावावर जगत आलं आहे. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपल्या चलनाचा डॉलरशी बांधलेला दर सोडला, आशियाई देशांची चलनं एकामागोमाग पडली, पोलादाची मागणी बसली. १९९८-९९ पासून काही वर्षं सेल, म्हणजे इथल्या कारखान्याची मालक असलेली सरकारी कंपनी, तोट्यात होती. त्या काळात इथे व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म फिरले, क्वार्टरं लीजवर द्यायला निघाली. बँकॉकचं नकाशावरचं ठिकाण ज्यांना दाखवता आलं नसतं अशा घरांत त्या संध्याकाळी चर्चा एकच होती: घ्यायची की नाही. नागपूर-अमरावतीकडून नोकरीसाठी येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांत आणखी एक प्रश्न असायचा, परत जायचं की इथेच राहायचं. २००८ चा तडाखा त्यामानाने सौम्य होता. पोलादाचे भाव त्या वर्षाच्या मध्याला शिखरावर जाऊन हिवाळ्यापर्यंत कोसळले, सेलचा नफा वर्षभरात साडेसात हजार कोटींवरून सहा हजारांच्या आसपास आला, पण तोटा झाला नाही. भिलाईचं मोठं गिऱ्हाईक रेल्वे, आणि मंदी आहे म्हणून रूळ बदलायचं कुणी थांबवत नाही.

अमेरिकेत काय झालं, ते या पाच घरांवरून लगेच लक्षात येईल. तिथे हजारो गृहकर्जांची मोट बांधून तिचे थर केले आणि ते थर विकले. वरच्या थराला झळ लागणार ती फार मोठ्या संख्येने घरं एकदम थकली तरच. पतमापन संस्थांनी वरच्या थरांना सर्वोच्च, तिहेरी-ए दर्जा दिला, कारण फ्लोरिडातला माणूस आणि नेवाडातला माणूस बऱ्याच अंशी सुटे आहेत असं धरलं होतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर घरांच्या किमती देशभर एकदम पडल्याचं आकड्यांत कुठे दिसत नव्हतं. डेव्हिड ली या विमागणित शिकलेल्या विश्लेषकाने २००० मध्ये दोन कर्जं एकत्र बुडण्याचा संबंध मांडणारं सूत्र दिलं होतं. नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेला जोडीदारही लवकर जातो, या विमावाल्यांच्या जुन्या निरीक्षणातून त्याला ते सुचलं. सूत्र सुरेख होतं. संबंध शून्य आहे असं लीने कधीच म्हटलं नव्हतं. पण त्यात घालायचा संबंधाचा आकडा लोक बाजाराच्या चांगल्या दिवसांतून उचलत होते, आणि चांगल्या दिवसांत सगळेच आपापल्या घरी सुखात असतात.

चाळणी आणि वित्तबाजार, दोघांचाही भोळेपणा एकाच जातीचा. एक टिकली, दुसरा बुडाला. कारण, माझ्या मते, हे की चाळणीला फक्त बाजू हवी होती आणि बाजाराला आकडाच हवा होता. तिहेरी-ए म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, लाखात एक की हजारात एक हे सांगणारा शिक्का. त्या आकड्यावर किंमत ठरली, किमतीवर कर्ज काढलं गेलं, त्या कर्जावर आणखी कर्ज. चाळणी चुकली तर एक ईमेल चुकीच्या फोल्डरात जातं.

चुकीलाही दोन बाजू असतात. ग्रॅहमने आपल्या चाळणीत खऱ्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती, कारण स्पॅम आत आलं तर पुसता येतं, पण खरं पत्र कचऱ्यात गेलं तर गेलंच. पतमापनाच्या धंद्यात काटा उलट बांधला होता: दर्जा ज्याला हवा तोच फी देणार, मग नकार देण्यात फायदा कुणाचा? आणि खरी पत्रं, म्हणजे खरे इशारे, कचऱ्यात गेलीच. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलच्या परिषदेत अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी वित्तव्यवस्थेतली जोखीम वाढते आहे असा निबंध वाचला, तेव्हा अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी त्यांची भूमिका काहीशी यंत्रविरोधी ठरवून बाजूला सारली होती.

संकटाच्या काळात तर चाळणीचं आणखी अवघड होतं, कारण खरं आणि खोटं एकाच भाषेत बोलू लागतं. २००८ मध्ये अमेरिकेतली वॉशिंग्टन म्युच्युअल बँक जेपी मॉर्गनकडे गेली, वाकोविया वेल्स फार्गोकडे. भामट्यांनी लगेच ‘तुमची बँक बदलली, खातं पुन्हा पडताळा’ अशी ईमेल सोडली, आणि ऑक्टोबरमध्ये ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला लोकांना सावध करावं लागलं. खऱ्या बँकाही त्या आठवड्यांत बँक बदलल्याचंच लिहीत होत्या. इथलं उदाहरण हवं तर ४ नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा वाढीव पेन्शनचा निकाल घ्या. त्यानंतर महिनोन्‌महिने निवृत्त लोकांच्या फोनवर ‘पेन्शन’, ‘शेवटची मुदत’, ‘लिंक’, ‘अर्ज भरा’ असे शब्द येत राहिले, आणि मुदत खरोखरच पुन्हा पुन्हा वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. सिव्हिक सेंटरच्या कट्ट्यावर बसलेल्या काकांना जे ओळखता येईना, ते शब्द मोजणाऱ्या यंत्राला कुठून ओळखणार? म्हणून आजच्या चाळण्या शब्दांवर थांबत नाहीत. पत्र खरोखर त्याच पत्त्यावरून निघालं का, त्यावर पाठवणाऱ्याची सही आहे का, त्याच क्षणी आणखी किती जणांना तेच गेलं, हे तपासतात. थोडक्यात, सुटं पाहणं सोडून जोडणी पाहतात.

तरीही स्पॅम जगतं. किती कमी अन्नावर, ते ऐका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजमाप केलं. २६ दिवसांत जवळजवळ ३५ कोटी ईमेल निघाली. औषधं घ्यायला ग्राहक आले २८.

ईमेल फुकट असल्यामुळे २८ पुरतात. मग ईमेलला तिकीट लावावं, ही कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच मांडली होती. पैशाचं नव्हे, श्रमाचं तिकीट. पाठवणाऱ्या संगणकाने प्रत्येक पत्रासाठी एक किचकट कोडं सोडवायचं, एक-दोन सेकंद राबायचं. साध्या माणसाला ते जाणवत नाही, कोटी पत्रं पाठवणारा मात्र थकतो. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅकने ‘हॅशकॅश’ नावाने ते प्रत्यक्ष करून दाखवलं. स्पॅमपुढे ते टिकलं नाही. हिशेबात धरलं होतं की प्रत्येक संगणक आपल्या मालकासाठी राबतो. स्पॅमवाल्यांकडे तर व्हायरसने काबीज केलेले लाखो परके संगणक होते, वरून सुटे, आतून एका दोरीला. कोडी दुसऱ्याचा संगणक सोडवणार, वीजबिल दुसराच भरणार.

पण कोडं वाया गेलं नाही. लेहमन बुडाल्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात बँकेशिवाय चालणारं चलन होतं, आणि त्याला आधार बॅकच्या त्या तिकिटाचा होता. संदर्भांत त्याचं नावही आहे. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या नोंदीत नाकामोतोने त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्सचा मथळा गुंफून ठेवला: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. स्पॅम अडवायला केलेलं तिकीट आर्थिक संकटाच्या तोंडावर बिटकॉइन होऊन बाहेर पडलं.

२०१८ पासून धमकीची ईमेल फिरतात: तुमचा कॅमेरा आमच्या ताब्यात आहे, बदनामी नको असेल तर पैसे द्या. खंडणी बिटकॉइनमध्येच मागतात. त्यामुळे आता बिटकॉइनचा लांबलचक पत्ता मजकुरात दिसला की चाळणीचा काटा झपकन स्पॅमकडे कलतो.