अर्धे वचन, अपुरा अर्थ : ‘डॉक्टर फॉस्टस’च्या अध्यापनातील पाप आणि पश्चात्ताप

प्रस्तावना

इंग्रजी साहित्याच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत ख्रिस्तोफर मार्लो याचे ‘डॉक्टर फॉस्टस’ हे नाटक दीर्घकाळ शिकवले जात आहे. चोवीस वर्षांच्या सुखोपभोगाच्या मोबदल्यात आपला आत्मा सैतानाला लिहून देणाऱ्या एका विद्वानाची ही कथा प्रथमदर्शनी सुगम वाटते. ‘फॉस्टसचा नाश का झाला?’ या प्रश्नाला विद्यार्थ्यांकडून येणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते. त्याने मर्यादा ओलांडली, पाप केले आणि त्याचे फळ त्याला मिळाले, असे ते उत्तर होय. या उत्तरावर गुण मिळू शकतात. परंतु मार्लोने प्रेक्षकांपुढे ठेवलेला प्रश्न त्यात येत नाही. परतीचा मार्ग अखेरपर्यंत खुला असताना फॉस्टस परत का फिरला नाही, हा तो प्रश्न आहे. विद्यार्थ्यांना या प्रश्नापर्यंत कसे नेता येईल आणि त्यासाठी नाटकातील धर्मविचार वर्गात कोणत्या रीतीने मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यार्थ्यांच्या उत्तरामागील चौकट

कोणताही वाचक आपल्या संस्कारांसह साहित्यकृतीकडे जातो. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आलेल्या विद्यार्थ्याला कर्म आणि फळ यांचा संबंध स्वयंसिद्ध वाटतो. फॉस्टसने करार केला, कराराची मुदत संपली आणि हिशेब पूर्ण झाला, असे त्याचे आकलन असते. परीक्षोपयोगी मार्गदर्शकांतून त्यात ‘प्रबोधनकाळातील महत्त्वाकांक्षी मानव’ या संकल्पनेची भर पडते. पहिल्या उत्तरात फॉस्टस केवळ पापी ठरतो, तर दुसऱ्यात केवळ बंडखोर. दोन्ही उत्तरांत त्याच्या मनातील द्वंद्वाला स्थान राहत नाही.

नाटकाची धार्मिक चौकट वेगळी आहे. ख्रिस्ती विचारानुसार पाप कितीही मोठे असले, तरी अखेरच्या श्वासापर्यंत क्षमेचे दार बंद होत नाही. त्यामुळे कराराच्या क्षणी फॉस्टसचे भवितव्य कायमचे ठरले, असे मानण्याची घाई करता येत नाही. करार लिहिताना त्याचे रक्त गोठते, हातावर पळून जाण्याचा इशारा देणारी अक्षरे उमटतात, सद्‌दूत पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटी एक वृद्ध गृहस्थ त्याला कळवळून विनवतो. कराराचे कलम अटळ असते, तर या सर्व प्रसंगांना प्रयोजन उरले नसते.

अर्धे वाचलेले वचन

या दृष्टीने पहिल्याच प्रवेशातील स्वगत बारकाईने वाचणे आवश्यक ठरते. तत्त्वज्ञान, वैद्यक आणि कायदा या विद्या एकेक करून बाजूला सारल्यावर फॉस्टस जेरोमचे लॅटिन बायबल हाती घेतो. त्यातील दोन वचने तो वाचतो. पहिले रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील तेविसावे वचन आहे. त्याच्या पूर्वार्धात पापाचा परिणाम मृत्यू असल्याचे सांगितले आहे. उत्तरार्धात ईश्वराकडून मिळणाऱ्या चिरंतन जीवनाच्या दानाचा उल्लेख आहे. फॉस्टस पूर्वार्धावरच थांबतो. दुसरे वचन योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे आठवे वचन होय. आपण निष्पाप आहोत असे म्हणणारा स्वतःची फसवणूक करतो, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढील नवव्या वचनात पाप कबूल करणाऱ्याला क्षमेचे आश्वासन दिलेले आहे. फॉस्टस ते वाचतच नाही. दोन अर्ध्या विधानांवरून तो असा निष्कर्ष काढतो की, माणूस पाप करणारच आणि मरणारच. जे व्हायचे ते होणारच. मग धर्मशास्त्र हवे कशाला?

हा निष्कर्ष काढणारी व्यक्ती विटेनबर्गची धर्मशास्त्रातील पदवीधर आहे, हे विसरता येत नाही. विटेनबर्ग हे मार्टिन ल्यूथरचे विद्यापीठ असून इ. स. १५१७ मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ तेथूनच झाला. ईश्वरी कृपा हा ल्यूथरच्या शिकवणीचा गाभा होता. त्या नगरीतील विद्वानाने कृपेविषयीचाच भाग गाळावा, हा मार्लोने योजलेला तीव्र उपरोध आहे. मार्लो (१५६४–१५९३) स्वतः केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. भावी धर्मोपदेशकांसाठी असलेली शिष्यवृत्ती त्याला मिळाली होती. इ. स. १५५९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये चर्चमधील उपासनेस उपस्थिती सक्तीची केली होती. त्यामुळे ही गाळलेली अर्धी वचने अनेक प्रेक्षकांच्या ध्यानात येऊ शकत होती. आजच्या विद्यार्थ्याच्या ती ध्यानात येणे शक्य नाही. म्हणून ती त्याच्यासमोर ठेवण्याचे काम अध्यापकाकडे येते.

पस्तावा, प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप

येथे मराठी भाषेची मोठी मदत होऊ शकते. पस्तावा म्हणजे केलेल्या कृत्याबद्दल वाटणारी हळहळ. प्रायश्चित्त म्हणजे दोष दूर करण्यासाठी केलेले विहित कर्म. मराठी ख्रिस्ती लेखनात रूढ असलेला पश्चात्ताप हा शब्द मात्र ज्या मूळ ग्रीक संज्ञेसाठी येतो, तिचा अर्थ ‘मन पालटणे’ असा आहे. दैनंदिन व्यवहारात पस्तावा आणि पश्चात्ताप हे शब्द समानार्थी वापरले जात असल्याने विद्यार्थी साहजिकच विचारतात की, फॉस्टस इतक्या वेळा पश्चात्ताप करतो, तरी त्याला क्षमा का नाही?

याचे उत्तर नाटकाच्या प्रसंगांतच आहे. फॉस्टस वारंवार पस्तावतो, पण त्याचे मन पालटत नाही. एकदा तो ख्रिस्ताला साहाय्यासाठी हाक मारतो. त्या क्षणी ल्युसिफर प्रकट होतो आणि भयभीत फॉस्टस पुन्हा त्याच्याशी निष्ठेची ग्वाही देतो. पाठोपाठ सात महापापांचे प्रदर्शन पाहून तो हरखून जातो. पुढे वृद्ध गृहस्थाच्या शब्दांनी तो हेलावतो; परंतु मेफिस्टोफिलिसने धमकावताच तो पुन्हा रक्ताने करार लिहून देतो आणि हेलनची मागणी करतो. भीतीने तो ईश्वराकडे वळतो व अधिक मोठ्या भीतीने परत सैतानाकडे जातो. ख्रिस्ती परंपरेत ‘निराशा’ हे गंभीर पाप मानले जाते. आपले पाप ईश्वराच्या क्षमाशक्तीपेक्षा मोठे आहे, असे मानणे म्हणजे ही निराशा होय. फॉस्टसच्या शोकांतिकेचे मूळ येथे आहे.

इच्छा की सामर्थ्य?

यापुढे एक अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. फॉस्टस परत फिरू इच्छित नव्हता, की परत फिरण्याचे सामर्थ्यच त्याच्याजवळ नव्हते? हे नाटक मार्लोच्या मृत्यूनंतर इ. स. १६०४ आणि १६१६ मध्ये दोन भिन्न संहितांत प्रसिद्ध झाले. सद्‌दूताच्या एका उक्तीत या दोन संहितांमध्ये एकाच क्रियापदाचा फरक आहे. १६०४ च्या संहितेत फॉस्टसला पश्चात्ताप करणे ‘शक्य असेल’ तर उशीर झालेला नाही, असा अर्थ निघतो. १६१६ च्या संहितेत त्याने तो ‘करायचा ठरवला’ तर, असा अर्थ होतो. पहिल्या पाठात सामर्थ्याविषयी शंका आहे, तर दुसऱ्यात इच्छेवर भर आहे.

तथापि, यावरून १६१६ ची संहिता सर्वत्र इच्छास्वातंत्र्याची बाजू घेते असे म्हणता येत नाही. याच संहितेच्या अखेरीस मेफिस्टोफिलिस सांगतो की, फॉस्टस धर्मग्रंथ पाहत असताना पाने आपणच उलटली आणि त्याची नजर आपणच वळवली. पहिल्या प्रवेशातील अर्धे वाचन त्यामुळे वेगळ्या प्रकाशात दिसू लागते.

या संदिग्धतेला तत्कालीन इंग्लंडमधील वादाची पार्श्वभूमी आहे. कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, या पूर्वनियतीच्या सिद्धांतावर तेव्हा केंब्रिजमध्ये तीव्र मतभेद होते. त्यातूनच १५९५ मध्ये लॅम्बेथ कलमे तयार झाली. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सतरावे कलम पूर्वनियतीसंबंधी असून, या सिद्धांताच्या चिंतनाने काही माणसे निराशेच्या गर्तेत ढकलली जाऊ शकतात, असा इशारा त्या कलमातच दिलेला आहे. विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे एकच उत्तर देण्यापेक्षा दोन्ही संहितांतील पुरावे त्यांच्यासमोर मांडणे अधिक उचित ठरते.

अजामिळाचा दाखला

महाराष्ट्रातील वर्गात अजामिळाचा दाखला निघणे स्वाभाविक आहे. श्रीमद्‌भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरणसमयी आपल्या ‘नारायण’ नावाच्या मुलाला हाक मारतो आणि नामोच्चारामुळे यमदूतांच्या पाशातून सुटतो. फॉस्टसने तर शेवटच्या घटकेला ख्रिस्ताचेच नाव घेतले. मग तो का सुटला नाही? हा प्रश्न विषयांतर समजून टाळू नये. भागवतातील कथा तेथेच संपत नाही. सुटका झालेला अजामिळ आपल्या आचरणाबद्दल खेद करतो, गंगाद्वारी जातो आणि साधना करून देह ठेवतो. बहुतेकांना कथेचा पूर्वार्धच ठाऊक असतो. म्हणजे अर्धे वाचन आपल्याकडेही घडते. फॉस्टसच्या बाबतीत नाम घेताच वेदना होते आणि लगेच तो ल्युसिफरची करुणा भाकू लागतो. या तुलनेतून दोन परंपरांतील साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. विंदा करंदीकर यांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकांना परिचित झालेला गटेचा ‘फाउस्ट’ वेगळा आहे. गटेच्या काव्यनाट्याच्या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात नायकाचा उद्धार होतो. मार्लोच्या नायकाला तो लाभत नाही. दोघांची गल्लत टाळली पाहिजे.

अध्यापनातील उपयोजन

या विवेचनाच्या आधारे पुढील क्रम उपयुक्त ठरू शकतो. प्रथम विद्यार्थ्यांनी फॉस्टसच्या नाशाचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे. त्यानंतर दोन्ही बायबलवचने मराठी बायबलमधून पूर्ण वाचून दाखवावीत आणि फॉस्टसने काय गाळले ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. मग परतीची संधी देणारे प्रसंग क्रमाने नोंदवून, प्रत्येक वेळी त्याला कोणी अथवा कशाने मागे खेचले, याचा तक्ता करावा. शेवटी दोन संहितांतील पाठभेदावर चर्चा घ्यावी आणि पहिले उत्तर पुन्हा लिहून घ्यावे. दोन उत्तरांतील अंतर हे अध्ययनाचे विश्वसनीय माप ठरेल.

वर्गात विविध धर्मांचे आणि धर्म न मानणारेही विद्यार्थी असतात. ख्रिस्ती विद्यार्थ्याकडून धर्माचा अधिकृत प्रवक्ता म्हणून उत्तराची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्यायकारक आहे. त्याचप्रमाणे, एखादी श्रद्धा समजून घेणे म्हणजे ती स्वीकारणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करावे. ‘या नाटकाच्या जगात क्षमा कशी मिळते?’ आणि ‘हे तुम्हाला पटते का?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर संहितेच्या आधारे द्यावे लागते. दुसऱ्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला असावे. नाटकातील न्यायच अन्यायकारक आहे, असे मत एखाद्याने साधार मांडल्यास त्याचे मूल्यमापनही आधारांवरूनच व्हावे.

समारोप

‘डॉक्टर फॉस्टस’ हे एका अर्थाने वाचनाविषयीचे नाटक आहे. ग्रंथांनी वेढलेला विद्वान एक वचन अर्धे वाचतो आणि त्यावर आपल्या आयुष्याचा निर्णय घेतो. अखेरच्या क्षणी तो ग्रंथ जाळून टाकण्याची तयारी दाखवतो. दोष मात्र ग्रंथांचा नव्हता. प्रश्नोत्तरांच्या तयार पुस्तिकांतून ‘पाप केले, फळ मिळाले’ एवढाच निष्कर्ष उचलणारा विद्यार्थीही अपुऱ्या आधारावर निर्णय देत असतो. त्याला वचनाचा उत्तरार्ध वाचण्याची सवय लावणे हे साहित्याच्या अध्यापकाचे कर्तव्य होय.