जुन्या डेस्कटॉपमध्येच राउटर: सातारा ते सांगली

राउटर-फायरवॉलसाठी वेगळं यंत्र लागतंच असं नाही! साताऱ्यात घरच्या जुन्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकलं आणि त्यातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ओपीएनसेन्स, म्हणजे २०१५ साली पीएफसेन्समधून फुटून निघालेला मुक्तस्रोत फायरवॉल. दोन कोअर, ४ जीबी रॅम पुरते. नेटवर्क पोर्ट मात्र दोन घ्या: एक फायबर मोडेमकडे, दुसरा घरातल्या स्विचकडे. प्रत्येकाला प्रॉक्समॉक्समध्ये वेगळा ब्रिज.

माझी अख्खी संध्याकाळ आयपी पत्त्यात गेली. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि ओपीएनसेन्सचा मूळ पत्ताही तोच! दोन्हीकडे एकच जाळं असलं की पॅकेटला वाट कळत नाही. घरचं जाळं १९२.१६८.५०.१ वर नेलं, झालं.

सांगलीत ताईकडे हेच बसवलं, पण दोन्ही घरं जोडायला जाळी वेगळी हवीत म्हणून तिथे १९२.१६८.६०.१. मग दोन्ही घरं वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्याने जोडली. इंटरनेट कंपन्या अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे निदान एका टोकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मागून घ्या. मी साताऱ्याला घेतला. आता आईचे फोटो ताईला थेट दिसतात.

वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू होईल अशी बायोसमध्ये सोय करा, आणि व्हर्च्युअल मशीनलाही 'बूटवेळी सुरू' लावा.