कर्करोगग्रस्तांचा सहभाग आणि आरोग्य धोरणाचे अग्रक्रम : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
आरोग्य धोरणात रुग्णांची गणना होते. परंतु कोणत्या सेवेस अग्रक्रम द्यावा हे ठरविताना त्यांचे मत घेतले जातेच असे नाही. कर्करोगाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. किरणोपचारासाठी पाच ते सात आठवडे जवळजवळ रोज रुग्णालय गाठावे लागते. शासकीय योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेली मजुरी आणि परगावच्या मुक्कामाचा भार कुटुंबावरच पडतो. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जामखेडचा अनुभव :
लोकांना विचारून अग्रक्रम ठरविणे या जिल्ह्याला नवे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ग्रामस्थांनी औषधांच्या आधी अन्न व पाणी मागितले. ही मागणी आरोग्यबाह्य न मानता प्रकल्पाने तीच प्रथम हाती घेतली. परिचारिका गावांत रुजल्या नाहीत, तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करण्यात आले. अल्मा-आटा जाहीरनाम्याने (1978) लोकसहभागाला मान्यता देण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

तथापि ही पद्धत कर्करोगाला जशीच्या तशी लागू पडत नाही. पाण्याची टंचाई सर्व गावाला जाणवते. कर्करोगग्रस्त मात्र गावोगाव विखुरलेले असतात आणि ग्रामसभेत अल्पसंख्य ठरतात. त्यातही स्तनाच्या वा गर्भाशयमुखाच्या आजाराविषयी स्त्रिया चारचौघांत बोलत नाहीत.

संशोधनातील सहभाग व धोरणातील सहभाग :
शेजारच्या भूम, परंडा व बार्शी तालुक्यांत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन लक्षणांची माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान अधिक लवकर होऊ लागले. पुढे तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. असे असूनही 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केवळ डोळ्यांनी करावयाची तपासणी स्वीकारली. खर्च व प्रयोगशाळांची उणीव पाहता ही निवड समजण्याजोगी आहे. परंतु एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. संकोचामुळे तपासणी टाळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक केवळ तांत्रिक नाही. नेमका हाच मुद्दा खर्चाच्या हिशेबात दिसत नाही. ज्यांच्या शरीरावरून पुरावा उभा राहिला, त्यांना त्या पुराव्याच्या वापराविषयी बोलण्याचे स्थान मिळणे अगत्याचे ठरते.

तंबाखूच्या प्रश्नात असे स्थान काही अंशी मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने तंबाखूपीडितांची मोहीम उभी राहिली आणि मुखाचा कर्करोग झालेले रुग्ण राज्यकर्त्यांना प्रत्यक्ष भेटले. महाराष्ट्रातील 2002 ची गुटखाबंदी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. कायद्याचा आधार निर्णायक होता हे खरे, पण राजकीय इच्छाशक्तीला रुग्णांच्या साक्षीचे बळ मिळाले. मात्र साक्ष देणे वेगळे आणि निधीवाटपाच्या चर्चेत मत देणे वेगळे. पहिल्यात रुग्ण करुणेचा विषय राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये असंसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तींच्या अर्थपूर्ण सहभागाविषयी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा रोख दुसऱ्या प्रकारच्या सहभागाकडे आहे. जिल्हा पातळीवर त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. रुग्ण कल्याण समित्या अस्तित्वात आहेत. त्यांत उपचार पूर्ण केलेल्या दोन व्यक्तींना, त्यांपैकी एका ग्रामीण स्त्रीला, मताधिकारासह स्थान देता येईल. बैठकीच्या दिवसाची मजुरी व प्रवासखर्च त्याच दिवशी हाती पडण्याची तरतूद मात्र आरंभीच करावी लागेल. अन्यथा त्या जागांवर शहरातील सुस्थितीतील व्यक्तीच येऊन बसतील.